गुरुवारी लाईट जायच्या आत

पहाटे ५.३०

फोनवर दोन निरोप येऊन पडलेत. एक वीजपुरवठ्याचा: आज गुरुवार, देखभाल-दुरुस्तीसाठी सकाळी १० ते दुपारी ३ लाईट नाही. दुसरा घरातल्याच सर्व्हरने रात्री पाठवलेला: ‘चालू’ पूल डिग्रेडेड, सहापैकी एक डिस्क फॉल्टेड.

दहा वाजेपर्यंत बराच वेळ आहे. आठ-आठ टेराबाइटच्या सहा डिस्क मिळून हा पूल झालाय आणि त्यातली दोन डिस्कइतकी जागा पॅरिटीला दिलेली आहे. एक डिस्क गेली तरी फाईल उघडतात, दुसरी गेली तरी उघडतात, तिसरी गेली की सगळंच जातं. म्हणजे अजून एका डिस्कचा आधार शिल्लक आहे. अशा वेळी भीती असते ती घाईची. डिग्रेडेड पूलमधून नेमकी धडधाकट डिस्क ओढून काढली, तर उरलेला आधारही आपल्याच हाताने संपतो. म्हणून आधी चहा, मग वाचन, हात लावायचं नंतर.

सकाळी ६.००

माझं काम शूटिंग आणि एडिटिंगचं. तळवड्यात रुपीनगरला घर, माडीवरच्या खोलीत एडिटिंगचं टेबल आणि भिंतीच्या कडेला सर्व्हरचा डबा. लग्नं असतात, चाकण-म्हाळुंग्याच्या कारखान्यांचे सुरक्षा-प्रशिक्षणाचे व्हिडिओ असतात. पण जीव अडकलाय तो कीर्तनात. देहू इथून जवळ, आळंदीही लांब नाही. तुकाराम बीज, पालखीचं प्रस्थान, खेड-मावळातल्या गावांचे हरिनाम सप्ताह, काल्याची कीर्तनं हे सगळं मी वर्षानुवर्षं टिपत आलोय. आता ज्येष्ठ वद्य सप्तमीचं प्रस्थान नुकतंच होऊन गेलंय आणि देहूच्या देऊळवाड्यातलं सगळं फुटेज याच ‘चालू’ पूलवर आहे.

स्क्रीनवर झेडपूल स्टेटस उघडलं. पाच डिस्क ऑनलाइन, एक फॉल्टेड. तिच्यापुढे तीन आकडे: रीडच्या चुका ३, राइटच्या ११८, चेकसमच्या ०. हे तीन रकाने वेगवेगळं बोलतात. चेकसमची चूक म्हणजे डिस्कने डेटा दिला, पण तो बिघडलेला दिला. रीड-राइटची चूक म्हणजे वाचा-लिहायच्या हुकमाला डिस्ककडून नीट उत्तरच आलं नाही. उत्तर न देणारी डिस्क मेलेलीच असते असं नाही; तिच्यापर्यंत हाकच पोचलेली नसेल.

म्हणून पुढचं वाचन स्मार्टच्या आकड्यांचं. प्रत्येक डिस्क स्वतःची प्रकृती स्वतःच नोंदवत असते. पाचव्या क्रमांकाला बदललेले सेक्टर, १९७ला वाचता न येणारे आणि निकालाची वाट पाहणारे सेक्टर, १९९ला केबलमधून जाता-येता बिघडलेल्या निरोपांची संख्या. या डिस्कचा पाचवा आकडा ०, १९७ही ०. आणि १९९? १३७. हा आकडा कधीच कमी होत नाही, नुसता चढतो, त्यामुळे एकट्या १३७वरून काही कळत नाही. तो आज चढला की तीन वर्षांपूर्वी, हे सांगायला जुनी नोंद लागते. माझ्या वहीत मागच्या महिन्याला ४ लिहिलंय. यंत्राच्या लॉगमध्येही रात्रभर एकच तक्रार आहे, जोडणी तुटली, पुन्हा जोडली, पुन्हा तुटली.

डिस्कच्या आतली थाळी ठणठणीत दिसतेय. संशय केबलवर.

ही वही हेच माझ्या मते पूल सांभाळण्याचं खरं काम आहे. पूल करायचा कशासाठी, तर डिस्कची सरहद्द पुसायला. पूर्वी कपाटात सुट्या डिस्कची चळत असायची आणि एक कीर्तन शोधायला दुपार जायची. पूल झाला की सगळं एका फोल्डरखाली येतं, कुठली फाईल कुठे हे लक्षात ठेवावं लागत नाही. सोय मोठीच आहे. पण वापरणाऱ्याने सरहद्द विसरली तरी चालते, सांभाळणाऱ्याने विसरून चालत नाही. त्याला प्रत्येक डिस्क वेगळी ओळखता आली पाहिजे: तिचा सीरियल नंबर, ती कितव्या खणात आहे, कुठल्या वर्षी घेतली, तिला कुठली केबल जाते. लिनक्स डिस्कला एसडीए, एसडीबी अशी नावं देतं, ती मशीन पुन्हा चालू झालं की बदलू शकतात. सीरियल नंबर बदलत नाही. म्हणून माझ्याकडे प्रत्येक खणावर नंबराचे शेवटचे चार अंक मोठ्या अक्षरात चिकटवलेले आहेत.

सकाळी ७.१५

फोन. खेड तालुक्यातल्या एका गावाहून.

“रामकृष्णहरी, माऊली.”

“रामकृष्णहरी. बोला.”

“आमचे आजोबा पखवाजाला असायचे, २०१४च्या सप्ताहात तुम्ही शूटिंग केलेलं. गेल्या महिन्यात गेले ते. वर्षश्राद्धाला नाही, आत्ताच हवंय, घरात सगळे बघायचं म्हणतात. मिळंल का?”

मिळेल म्हणालो. २०१४ म्हणजे ‘चालू’ नव्हे, ‘कोठार’.

सकाळी ७.३०

कोठार हा दुसरा पूल, आणि त्याची जात वेगळी. ‘चालू’ झेडएफएसवर आहे. तिथे एकेका फाईलचे तुकडे सगळ्या डिस्कवर पसरतात. कोठारात २, ३, ४ टेराबाइटच्या जुन्या, कमी-जास्त वयाच्या डिस्क आहेत. त्यांना मर्जरएफएसने एका नावाखाली आणलंय. इथे फाईल अख्खी एकाच डिस्कवर राहते, त्यामुळे एक डिस्क गेली तर फक्त तिच्यावरचं जातं, बाकी शाबूत. राखणीला स्नॅपरेड आहे: एक वेगळी ४ टेराबाइटची डिस्क नुसती पॅरिटी धरते, आणि आपण सिंक म्हणू तेव्हाच ती ताजी होते. रोज बदलणाऱ्या कामाला हे चालणार नाही. पण दहा वर्षांपूर्वीचं कीर्तन बदलत नाही. त्याला हेच उत्तम, आणि जुन्या डिस्कही कामी येतात.

ती फाईल खरी कुठल्या डिस्कवर आहे ते विचारलं. ३ टेराबाइटची, खण नऊ. हात घातलाच आहे तर स्मार्टही बघितलं, आणि इथे मात्र पोटात गोळा आला. १९७च्या रकान्यात ८.

आठ हा आकडा ओळखीचा आहे. आतला खरा सेक्टर ४०९६ बाइटचा असतो आणि हिशोब ५१२च्या मापाने चालतो, म्हणून एक जागा बिघडली की आठ मोजले जातात. म्हणजे बिघाड एकाच ठिकाणी. पण एकच का असेना, तो खरा आहे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात पहिली तपासणी-चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट निघाली. त्याच अभ्यासात असंही दिसलं होतं की बऱ्याच डिस्क कुठलीही पूर्वसूचना न देता गेल्या. तेव्हा सूचना मिळाली हे नशीबच समजायचं.

तर आज लाल अक्षरातला निरोप ज्या डिस्कबद्दल आला ती बहुधा निरोगी, आणि जिच्याबद्दल कोणी काही बोललं नाही ती आजारी.

सकाळी ८.००

कामाचा क्रम बदलला. दहाला मशीन बंद करायचंय, आणि म्हातारी डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याची खात्री देता येत नाही. अख्खी डिस्क उपसायला सहा तास लागतील, हातात दोन आहेत. म्हणजे निवड करावी लागणार.

वहीच्या मागच्या पानांवर एक यादी आहे. ज्यांचं कीर्तन, गायन, वादन माझ्याकडे आहे आणि जे आता हयात नाहीत अशांची. ती मी दर वर्षी वाढवतो. वाढवताना वाईट वाटतं, पण अशा वेळी तीच उपयोगी पडते. पखवाजाची फाईल सगळ्यांत आधी, मग यादीतली उरलेली. आजोबांचं नाव आज यादीत चढलं. फाईल एडिटिंगच्या मशीनवर उतरवली, सुरुवात, मध्य आणि शेवट चालवून पाहिला. काल्याच्या कीर्तनात शेवटी ते उभे राहून वाजवतात, तेवढा भाग पूर्ण बघितला. मग पुढची फाईल लावली.

या दोन तासांत कोठाराला सिंक म्हणायचं नाही, हे कागदावर लिहून कीबोर्डवर चिकटवलं आणि रात्रीचं ठरलेलं आपोआपचं सिंकही थांबवलं. पॅरिटीत कालपर्यंतची चांगली अवस्था साठलेली आहे. डिस्क अडखळत असताना सिंक केलं, तर जे गहाळ झालं तेच ‘खरं’ म्हणून पॅरिटीत लिहिलं जाण्याचा धोका असतो. आधी डिफ बघायचा, काय कमी झालंय ते समजून घ्यायचं, मगच पुढे.

सकाळी ९.४०

यादी संपली. मशीन शिस्तीत बंद केलं. यूपीएस काही मिनिटांचा असतो, तो काम आवरायला, काम करायला नाही.

सकाळी १०.१०

लाईट गेली. पंखा थांबला तसा पुतण्या वर आला. तो इथल्याच आयटी पार्कमध्ये नोकरीला आहे, आज घरून काम होतं, आता इन्व्हर्टरवर लॅपटॉप किती चालतो बघतोय.

“काका, एवढा जीव कशाला जाळता? क्लाउडवर टाकून द्या सगळं.”

“टाकू. तूच हिशोब कर.”

त्याने केला. २० टेराबाइट, अपलोड ५० एमबीपीएस धरला तर अखंड ३७ दिवस. मग दर महिन्याचं भाडं. तो गप्प बसला आणि टॉर्च धरला.

डब्याची बाजू उघडली. खणावरचे चार अंक, डिस्कवरचे चार अंक, स्क्रीनवरून वहीत उतरवलेले चार अंक; तिन्ही जुळले तेव्हाच हात घातला. बऱ्याच साटा केबलींच्या टोकाला धातूची पट्टी असते, ती टक् करून बसते. हिची बसतच नव्हती, कनेक्टर बोटाने हलत होता. अकरा डिस्क एकाच डब्यात फिरतात तेव्हा त्या थरथरीने सैल जोड आणखी ढिला होतच जातो. केबल बदलली. पुतण्या म्हणाला पोर्ट पण बदलू, पॉवरची जोडणी पण बदलू. नको म्हणालो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही बदलल्या आणि दुरुस्त झालं, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही. उद्या पुन्हा चूक आली तर हीच डिस्क दुसऱ्या पोर्टला लावू: चूक डिस्कबरोबर गेली तर दोष डिस्कचा, पोर्टपाशी राहिली तर पोर्टचा.

सकाळी ११.००

टॉर्चच्या उजेडात धूळ काढता काढता पुतण्याला एक गोष्ट सांगितली, जी पुण्यातल्या संगणकवाल्यांनाही फारशी ठाऊक नसते, आणि ती ठाऊक असावी असं मला मनापासून वाटतं.

झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलं. जेफ बॉनविक आणि मॅथ्यू आरेन्स ही त्यामागची मुख्य नावं. २००५ साली सनने त्याचा कोड खुला केला, पण ते सोलारिससाठी होतं, आणि त्याचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नव्हता. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने ते लिनक्सवर आणायला घेतलं, मात्र त्यांना ते महासंगणकांच्या साठवणीखालचा पाया म्हणून हवं होतं. त्यामुळे साध्या माणसाला लागणारा वरचा थर, म्हणजे पूल जोडायचा आणि त्यात फोल्डर-फाईल दिसायच्या, तो त्यात नव्हता. २०१० साली हा थर चढवून दाखवला तो पुण्याच्या केक्यू इन्फोटेक नावाच्या छोट्या कंपनीने. पुढच्या वर्षी ती कंपनी एसटेक या अमेरिकन कंपनीने विकत घेतली. लिव्हरमोरच्या मंडळींनी स्वतःचा थर पूर्ण केला, २०१३मध्ये लिनक्ससाठी पहिली स्थिर आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ओपनझेडएफएस प्रकल्पाखाली सगळे एकत्र आले. आज माझ्या डब्यात चालतं ते त्या वंशातलं. पण लिनक्सवर झेडएफएसचा पूल जोडून त्यात फाईल ठेवता येतात, हे ज्यांनी आधी करून दाखवलं त्यांच्यात पुण्याची मुलं होती.

“हे कॉलेजात का सांगत नाहीत?” त्याने विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

दुपारी १२.००

जेवण लवकर उरकून दोघं चिंचवडला गेलो, ‘चालू’साठी एक राखीव डिस्क घ्यायला. आज ती लागणार नाही असं वाटत होतं, पण लागेल त्या दिवशी दुकान बंद असतं.

दुकानात पहिला प्रश्न किमतीचा नसतो, सीएमआर की एसएमआर हा असतो. एसएमआर डिस्कमध्ये डेटाच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात, म्हणून तेवढ्याच थाळीवर जास्त मावतं; पण मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते. एकदा लिहून ठेवायच्या डेटाला हे चालतं. पूलमध्ये नवी डिस्क घातल्यावर तासन् तास सलग लिहिलं जातं, तिथे ती इतकी मंदावते की यंत्रणा तिला निकामी समजून बाहेर काढू शकते. २०२० साली घरगुती सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क आतून एसएमआर असल्याचं उघड झालं होतं आणि जगभर ओरड झाली होती. तेव्हापासून कंपन्या मॉडेलनिहाय यादी देतात. दुकानदाराने खोका पुढे केला, पुतण्याने मॉडेल नंबर यादीत तपासला. सीएमआर. घेतली. कपाटात ठेवण्याआधी तिची पूर्ण चाचणी करायची, आठ टेराबाइट एकदा नुसते वाचायलाच बारा तासांच्या आसपास जातात. नव्या डिस्कचा दोष आपल्या डेटावर नव्हे, कोऱ्या जागेवर उघडा पडावा.

दुपारी ३.१०

लाईट आली. लगेच बटण दाबलं नाही. वीज आल्याआल्या एखाद-दुसरा झटका बसतो, थोडं थांबलो.

डबा चालू. खण नऊची डिस्क फिरली. ‘चालू’मधली सहावी डिस्क दिसली, चुकांचे आकडे पुसले आणि पूलला तिला परत घ्यायला सांगितलं. रिसिल्व्हर सुरू झालं आणि चहा गाळेपर्यंत संपलं. पुतण्याला आश्चर्य वाटलं, त्याला वाटत होतं आठ टेराबाइट पुन्हा लिहावे लागणार. तसं नाही. डिस्क बाहेर असताना काय काय लिहिलं गेलं याची नोंद झेडएफएस ठेवतं, आणि तेवढंच भरून काढतं. रात्री दोनपासून सकाळपर्यंत फारसं लिहिलं गेलंच नव्हतं. पूल ऑनलाइन, १९९चा आकडा १३७वर स्थिर.

दुपारी ३.४५

आता खण नऊ. चाचणी केलेली ४ टेराबाइटची डिस्क कोठारासाठी कपाटात होतीच. तिथे याहून मोठी घालून फायदा नव्हता, कारण पॅरिटीची डिस्क ४ची आहे आणि डेटाची कुठलीही डिस्क तिच्यापेक्षा मोठी असून चालत नाही. जुन्या डिस्कवर लिहिणं बंद केलं, ती फक्त वाचायला उघडी ठेवली आणि नव्या डिस्कवर नक्कल करायला आरसिंक लावलं. रात्री पावणेदहापर्यंत चालेल.

संध्याकाळी ५.३०

मावळातल्या एका लग्नाचं एडिटिंग. यावर सांगण्यासारखं काही नाही. नवरीच्या मामांना वरातीची गाणी बदलून हवी होती, बदलली.

संध्याकाळी ७.००

पुतण्या जुनी कार्डं कोठारात रिकामी करत होता, खालून ओरडला, “काका, जागा नाही म्हणतंय, पण सहा टेराबाइट मोकळे दिसतायत!”

ही कोठाराची नेहमीची अडचण, आणि नव्या माणसाला ती हमखास गोंधळात टाकते. मोकळी जागा दाखवताना मर्जरएफएस सगळ्या डिस्कची बेरीज दाखवतं. पण फाईल अख्खी एकाच डिस्कवर जाते, आणि त्या पूलला नेमून दिलेलं धोरण ‘फोल्डर आधीपासून ज्या डिस्कवर आहे तिथेच लिही’ असं होतं. ते फोल्डर एकाच डिस्कवर होतं आणि ती डिस्क भरली होती. धोरण बदलून ‘जिथे सर्वांत जास्त जागा तिथे लिही’ केलं. कार्डं मात्र सध्या एडिटिंगच्या मशीनवरच उतरवायला सांगितली. डिस्क बदलून होईपर्यंत कोठारात नवं काही घालायचं नाही. पॅरिटीला बाकीच्या डिस्क होत्या तशाच सापडल्या पाहिजेत.

रात्री ८.३०

खेडच्या मंडळींना पखवाजाची फाईल पाठवली. तासाभराने त्यांचा फोन आला. मागे कोणीतरी मोठ्याने रडत होतं आणि त्याच्यावरून पखवाज ऐकू येत होता. “माऊली, अजून एक वर्ष असंल का हो, २०१३चं?” आहे. तेही याच डिस्कवर आहे. सकाळच्या यादीत ते नव्हतं, कारण सकाळी आजोबांसाठी मी एकच फाईल शोधली होती. आरसिंकचा आकडा बघितला, २०१३चं फोल्डर उतरून झालं होतं.

रात्री ९.५०

नक्कल पूर्ण, एक फाईल सोडून. एका गावच्या दिंडीचं पाऊण तासाचं चित्रण, मध्येच वाचता येईना. तोच बिघडलेला सेक्टर. आता स्नॅपरेडची पाळी: पॅरिटी आणि बाकीच्या डिस्क मिळून ती एक फाईल पुन्हा घडवायला सांगितली. घडली, तपासली, पूर्ण चालली. सकाळी सिंक रोखून धरलं होतं ते याच्यासाठी.

तरीही पॅरिटी म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. डिस्क मेली तर पॅरिटी उपयोगी. चुकून डिलीट झालं, चोरी झाली, वीज पडली, तर अकराच्या अकरा डिस्क एकत्रच जातील. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने मांडलेला हिशोब मी पाळतो: प्रती तीन, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. माझी बाहेरची प्रत मोशीला बहिणीकडे कपाटात असते.

रात्री १०.२०

‘चालू’ला स्क्रब लावलं. सगळ्या डिस्कवरचा प्रत्येक तुकडा वाचून त्याचा चेकसम ताडून बघायचा, रात्रभराचं काम. वहीत लिहिलं: केबल बदलली, पोर्ट तोच, १९९चा आकडा १३७. खण नऊ: १९७चा आकडा ८, नक्कल पूर्ण, डिस्क काढायची, तिच्या जागी नवी, मग डिफ, मग सिंक. पुतण्याने खणासाठी नवी चिठ्ठी लिहिली, शेवटचे चार अंक त्याने स्वतः डिस्कवरून वाचले आणि मी स्क्रीनवरून. सकाळी स्क्रबमध्ये चूक शून्य आली की त्याला सोबत घेऊन मोशीला जायचं आणि तिथली प्रत इथे आणून ताजी करायची.